सहा लाल पट्ट्या

संकटात सगळी माणसं समान होतात. भूकंपानंतरच्या सकाळी, शाळेच्या मैदानातल्या दवाखान्याच्या तंबूत हे तत्त्व दहा वाजेपर्यंत टिकलं. दहाला वरच्या कचेरीतून मनगटाला बांधायच्या तीन रंगांच्या पट्ट्यांचं खोकं आलं. हिरवी म्हणजे चालतंबोलतं माणूस, पिवळी म्हणजे थांबू शकेल असं, आणि लाल म्हणजे पहिल्या गाडीनं मोठ्या रुग्णालयात.

दुपारपर्यंत सिस्टरनं शंभरेक मनगटं बांधली. कोपऱ्यातल्या सहाजणांच्या कुटुंबात तिनं एकच लाल बांधली होती, तीन सुनांपैकी एकीला. पोट लाकडासारखं कडक. आत रक्त वाहत असणार. बाकी पाचजण हिरवे.

सिस्टर सलाइन आणायला गेली आणि परत आली, तर सहाही मनगटांवर लाल.

"हे कुणी केलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "खोकं उघडंच होतं. एकीला एक अन् दुसरीला एक, असं आमच्या घरात कधी झालं नाही. तिघींना चपलासुद्धा एकाच रंगाच्या."

"आधी लाल कुणाला होती?"

"ते आता काय आठवणार? सगळ्यांनाच आहे की!"

सिस्टरलाही आठवेना. तिघी जावांच्या तोंडावर धुळीचा असा थर होता, की नवऱ्यांनीही हाक मारून खात्री करून घेतली असती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"सिस्टर, एकच स्ट्रेचर रिकामं आहे!" ड्रायव्हर ओरडला. "पुलाला तडा गेलाय, पाचनंतर सोडणार नाहीत. कोण येतंय?"

पाचला वीस मिनिटं होती. सिस्टरनं थोरलीचं पोट दाबलं. मऊ.

"दुखतंय?"

"काय काय सांगू?"

मधलीचं दाबलं, तर ती खुदकन हसली आणि लगेच ओशाळली. "गुदगुल्या होतात हो, सिस्टर."

"तिसरी कुठाय?"

"ती काय, मागे झोपलीय," सासूबाई म्हणाल्या. "तासभर हूं नाही की चूं नाही. शहाणी आहे, कुणाला त्रास म्हणून देत नाही. उठवू नका."

जमीन पुन्हा हलली. तंबूचा खांब कुरकुरला, पाचहीजण बाहेर पळाले. धाकटी हलली नाही. तिचा हात गार आणि ओला होता. नाडी इतकी जोरात धावत होती, की सिस्टरला मोजता येईना.

"स्ट्रेचर!"

गाडीचं दार लागता लागता सासूबाई धापा टाकत आल्या. त्यांनी आपली पट्टी दातांनी तोडून टाकली होती.

"माझी काढली बघा. बाकीच्यांचीही काढते. आता तिला आधी घेतील ना?"

"घेतील," सिस्टर म्हणाली. गाडी सुटली.

संध्याकाळी ड्रायव्हर लांबच्या रस्त्यानं परतला. सिस्टर चाकं थांबायच्या आत खिडकीपाशी पोचली.

"धाकटीचं काय झालं? आत घेतलं का?"

"पट्टी दारातच कापली. तिथं रंगबिंग चालत नाही, सिस्टर, टोकन असतं."

"मग?"

"एक्केचाळीस मिळालं. मी निघालो तेव्हा बाविसावं चालू होतं."