यारेत्सीची तीन मिनिटं

"तूच बोल," असं यारेत्सी ओरोपेझाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तिची मान जरा जास्तच ताठ झाली होती. म्हणणारी होती तिची कोच, डेल्फिना. लास ग्रुयास गावाला पोहायचा तलाव एकच, आणि त्या तलावावर यारेत्सी या उन्हाळ्यापासून जीवरक्षक म्हणून लागली होती, सकाळी लहान पोरांना पोहायलाही शिकवायची. वय सतरा, अंगात नगरपालिकेचा लाल टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. शाळेत जिचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जायचा नाही, तीच पोरगी आता तलावाच्या काठावरून "धावायचं नाही" असं दरडावायची आणि गंमत म्हणजे पोरं चक्क थांबायची. हे नवं सामर्थ्य तिला भलतंच आवडलं होतं.

त्या तलावावरच आता गदा आली होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सगळ्या कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर एक प्रस्ताव येणार होता. यापुढे कुठल्याही गावाला नवा कर लावायचा असेल, तर तीनपैकी दोन मतदारांनी हो म्हटलं पाहिजे, नुसतं बहुमत पुरणार नाही. आणि जे कर आधीच नुसत्या बहुमतावर लागले आहेत, ते रद्द. तलाव चालायचा तो नेमका अशाच करावर. गावातल्या लोकांनीच सह्या गोळा करून तो आणला होता, दर भूखंडामागे वर्षाला ठरावीक रक्कम, आणि तो निम्म्याहून थोड्याच जास्त मतांनी निसटता पास झाला होता. प्रस्ताव जिंकला की कर गेला, आणि कर गेला की तलावाला कुलूप. मग ऑगस्टच्या भट्टीत पोरं जाणार कुठे? कालव्यात. कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं, पाण्याला ओढ असते आणि बाहेर यायला धरायला काही नसतं. हे लास ग्रुयासमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून नगर परिषद त्या प्रस्तावाला विरोध करणारा ठराव करणार होती, आणि ठरावाआधी ज्याला बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं मिळणार होती.

तलावाच्या वतीनं यारेत्सीनं बोलायचं ठरलं होतं, म्हणून तिनं भाषण पाठ केलं. पण भाषण पाठ करता करता तिनं एक चूक केली. तिनं तो मूळ प्रस्ताव वाचायला घेतला. पहिलं पान संपेपर्यंत तिचं डोकं गरगरायला लागलं. पीचच्या पॅकिंगवरून दमून आलेल्या आईनं विचारलं, की मग मी खूण कशावर करायची? यारेत्सी म्हणाली, 'नाही'वर. पण परिषदेतले लोक तर हो म्हणणार आहेत ना? ते विरोधाच्या ठरावाला हो म्हणणार आहेत, म्हणजे प्रस्तावाला नाही. आईनं काट्यानं भात सारखा केला आणि म्हणाली, "तू पोहायलाच शिकव, बाळा."

सभेच्या संध्याकाळी दारातच दुसरा घोळ झाला. परिषदेच्या वकिलांनी तिला अडवलं. माणूस सज्जन होता, घाम पुसत बोलत होता. त्यांचं म्हणणं असं, की कामाच्या वेळेबाहेर तुला हवं ते बोलता येईल, पण नगरपालिकेच्या टी-शर्टात नाही. जनतेच्या पैशातून प्रचार झाल्यासारखं दिसतं.

"पण सर, नगरपालिका तर स्वतःच विरोध करतेय."

"परिषद आपलं मत मांडतेय. तो प्रचार नाही."

"आणि मी?"

"तू टी-शर्टात बोललीस तर तो प्रचार. टी-शर्टाशिवाय बोललीस तर मत." आपण काय बोललो ते लक्षात येऊन वकीलसाहेब कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे दुसरा टी-शर्ट घालून."

दुसरा टी-शर्ट आणायला वेळ कुठला! तिनं बाथरूममध्ये जाऊन तोच उलटा घातला. सगळ्या शिवणी बाहेर आल्या आणि मागचं लेबल मानेवर बाहेर फडफडायला लागलं. आता आपण कोण, नगरपालिका की यारेत्सी, असा प्रश्न तिला पडला. पण तेवढ्यात डेल्फिनानं हात करून बोलावलं.

सभागृहात डावीकडे पोहणारी मंडळी बसली होती. उजवीकडे पिवळ्या टोप्या घातलेले, कर नको म्हणणारे. आणि मधल्या रांगेत, कडेला, एकटाच बसला होता तियो अदेलिनो. तियो म्हणजे काका. हा पोर्तुगीज म्हातारा यारेत्सीच्या शेजारी राहायचा आणि गल्लीतली सगळीच पोरं त्याला तियो म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढून त्यानं एक छोटं घर घेतलं होतं आणि घरालगतचा एक मोकळा तुकडाही. त्या तुकड्यात त्याच्या बायकोनं सूपची हिरवी पानकोबी आणि घेवड्यासारख्या बाकल्याच्या शेंगा लावल्या होत्या. बायको गेली, वाफे त्यानं तसेच चालू ठेवले. तलावाच्या करासाठी सह्या गोळा करायला लोक दारात आले होते, तेव्हा यानं तिथल्या तिथे सही ठोकली होती. त्यामुळे त्याला बघून यारेत्सीला धीर आला. आपला माणूस आहे, म्हणून ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. डेल्फिनाच्या कपाळाला आठी पडली, पण यारेत्सीनं ती पाहिली नाही.

परिषदेच्या क्लार्कबाईंनी आधी त्याचंच नाव पुकारलं. तियो अदेलिनो उठला, टोपी काढली, माइकपाशी गेला आणि त्यानं नमस्कार करायला सुरुवात केली. महापौरबाईंना केला. मग एकेका सदस्याला, नाव घेऊन. एकाच्या वडिलांच्या गाईंची चौकशी केली, एकीच्या बहिणीच्या गुडघ्याची. वकीलसाहेबांना. क्लार्कबाईंना. मग मागे वळून फायर ब्रिगेडच्या प्रमुखाला. त्याच्या लेखी हे सगळं झाल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "तर मी आलोय ते यासाठी, की माझा..." आणि माइकजवळचा वेळेचा लाल दिवा लागला.

वेळ संपली, असं क्लार्कबाई हळूच म्हणाल्या. तियोनं दिव्याकडे पाहिलं, तोंड तसंच उघडं. तो हलला नाही. भांडलाही नाही. टोपी दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला. मग क्लार्कबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, की बोलायचं बाकी असलेल्या कुणाला आपली वेळ यांना द्यायची आहे का. देणाऱ्याला मग स्वतःला बोलता येणार नाही.

पिवळ्या टोप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला स्वतःचं भाषण प्यारं. आणि यारेत्सीला दिसलं, की एक हात वर गेलाय. हात ओळखीचा होता. उलट्या शिवणीच्या बाहीतून निघालेला, तिचाच.

पुढची तीन मिनिटं यारेत्सी खुर्चीत आक्रसून बसली. तियो म्हणाला, की त्याचं घर एका भूखंडावर आहे आणि वाफे दुसऱ्यावर, त्यामुळे तलावाचा कर त्याला दोनदा भरावा लागतो. बाकल्याच्या शेंगा काही पोहायला जात नाहीत. लोक हसले. तो नाही हसला. मग गाडी घसरली ती पाण्याचं मीटर वाचायला येणारा माणूस फाटक नीट लावत नाही यावर, आणि तिथून शेजारच्या टर्की कोंबड्या वाफ्यात शिरतात यावर. शेजारच्या म्हणजे यारेत्सीच्याच घरच्या. आणि दिवा पुन्हा लाल व्हायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "म्हणून मी त्या प्रस्तावाला हो म्हणणार आहे."

पिवळ्या टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. यारेत्सीनं डावीकडे पाहायचं टाळलं. तरी डेल्फिनाची नजर तिला मानेवर टोचत राहिली.

परिषदेनं पाचापैकी चार मतांनी विरोधाचा ठराव केला. म्हणजे आपण जिंकलो की काय, असं यारेत्सीला क्षणभर वाटलं. पण हा नुसता कागद होता, खरं मत नोव्हेंबरात सगळं राज्य देणार होतं, आणि तिला अठरा पूर्ण नसल्यानं ती तर देणारच नव्हती.

बाहेर पार्किंगमध्ये डेल्फिनानं तिला गाठलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. गावच्या पेपरचा माणूस खास जीवरक्षक मुलीचं भाषण छापायला आला होता, आता तो टर्की कोंबड्या छापणार, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "का दिलीस?"

"तो उभा होता, कोच."

"उभे सगळेच असतात. खरं सांग, घाबरलीस?"

यारेत्सीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. घाबरली होती का? जराशी. दया आली होती? आली होती. की प्रस्ताव वाचल्यापासून आपलं भाषण आपल्यालाच पुरतं पटत नव्हतं, म्हणून बोलणं टळलं तर बरं, असं आत कुठेतरी वाटलं होतं? तेही असेल. तिघांपैकी हात नेमका कुणी वर केला ते तिला सांगता येईना. "माहीत नाही," ती म्हणाली. डेल्फिना मान हलवून निघून गेली.

तियो अदेलिनो आपल्या जुन्या पिकअपशी किल्ल्या शोधत होता. यारेत्सीला पाहून खूश झाला. "तू पण आली होतीस ना बोलायला? मग बोलली का नाहीस, पोरी?"

"माझी वेळ तुम्हाला दिली ना, तियो."

"ती तुझी होती?" तो खरोखरच चकित झाला. "मला वाटलं, क्लार्कबाईंनी वाढवून दिली. मीही म्हटलं, नमस्कार नीट केल्याचा गुण आला." तो पिकअपला टेकला. "मग आता बोल. मला घाई नाही."

आणि यारेत्सी बोलली. तिथेच, पार्किंगमध्ये, उलट्या टी-शर्टात, एका माणसापुढे. पहिल्या दोन वाक्यांना आवाज थरथरला, मग सुटला. तलावाबद्दल बोलली, कालव्याबद्दल बोलली. त्या सकाळी एका पोरीनं पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडले आणि वर येऊन "मला माझे पाय दिसले" म्हणून गिल्ला केला, तेही सांगितलं. ते भाषणात नव्हतं.

"मी कुठे म्हटलं तलाव बंद करा?" ती थांबल्यावर तो म्हणाला.

"पण प्रस्तावाला हो म्हणजे तेच होतं, तियो."

"मी फक्त वाफ्याचे पैसे नको म्हणतोय. घराचे घ्या."

"ते वेगळं नाही सांगता येत. हो किंवा नाही, एवढंच आहे."

"मग वाफ्याचं कुणाला सांगायचं?"

यारेत्सीनं मनातल्या मनात सगळं चाळून पाहिलं. मतपत्रिकेत ते नव्हतं, ठरावात नव्हतं, डेल्फिनाच्या मुद्द्यांत नव्हतं, आणि पिवळ्या टोप्यांनाही वाफ्यांशी काही देणंघेणं दिसत नव्हतं.

"तुझं अर्धं मला पटलं," तियो गाडीत बसत म्हणाला.

"कुठलं अर्धं?"

"ते बघतो मी. नोव्हेंबर लांब आहे." आणि गाडी सुरू करता करता, "आणि तुमच्या त्या टर्की आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फिना तलावाच्या काठाशी येऊन बसली. गावच्या पोर्तुगीज मंडळींच्या हॉलमध्ये पुढच्या आठवड्यात आणखी एक सभा होती. जाशील का, असं तिनं विचारलं, आणि या वेळी हात मांडीखाली दाबून बसायचं, अशी तंबी दिली. यारेत्सी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, नाकात पाणी गेलेलं एक पोर तिच्या गळ्याला लटकलं होतं.

"जाईन. पण वाफ्यावरच्या कराचं पण विचारीन."

"अगं, तो पिवळ्या टोप्यांचा मुद्दा आहे."

"तियोचा आहे."

"यारेत्सी, तू नक्की कुणाच्या बाजूनं?"

"तलावाच्या," ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "बाकी मला काहीच कळत नाहीये, कोच. पण विचारीन."

डेल्फिनानं पाण्यात पाय हलवले. "आणि नमस्कार किती जणांना करणार आहेस?"

"एकालाच. तियोला," यारेत्सी म्हणाली, आणि गळ्यातल्या पोराचे हात सोडवून त्याला पुन्हा काठ धरायला लावला.