पिशवीतला भाला

मी भाला बोलतोय. मला हात लावायला जाल तर बोटाला पडद्याची काच लागेल, कारण मी व्हिडिओ गेममधला भाला आहे. माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या होबार्टचा, बंदरामागच्या गल्लीतल्या एका बेकरीच्या माडीवर. तिथे चार-पाच माणसं मिळून एक खेळ बनवत होती. समुद्र, पुष्कळशी बेटं, एक होडी आणि वाटेल तिकडे भटकायची मोकळीक. पडद्याआडून मला त्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं. कसं, ते विचारू नका.

मला घडवलं लिसिआतेने. हा मूळचा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा. बाकीची शस्त्रं त्याने भराभर उरकली. वल्ह्याचा दांडा, गंजका कोयता, खेकड्याच्या नांगीची कुऱ्हाड. माझ्यावर मात्र त्याचा जीव जडला. माझ्या लाकडाच्या रेषा तो इतक्या निगुतीने काढत बसे की खेळाचे नियम ठरवणारी इमोजेन म्हणायची, "अरे, भाला करतोयस की नवरदेव सजवतोयस?"

या दोघांचं रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं. इमोजेनचं म्हणणं, शस्त्रं मोडली पाहिजेत.

"मोडलं की माणूस नवं शोधायला निघतो. एकच तलवार शेवटपर्यंत पुरली, तर तो पहिल्याच बेटावर ठाण मांडून बसेल. मग बाकीची बेटं काय शोभेला केली?"

"आणि मोडणार म्हटल्यावर जीव कोण लावेल?" लिसिआते म्हणे. "एकच शस्त्र द्यावं. खेळणाऱ्याबरोबर तेही वाढावं, म्हणजे ते त्याचं होतं."

"मग गुहेतल्या पेटीत बक्षीस म्हणून काय ठेवू, तुझं डोकं?"

काही खेळांत तलवारींचा नुसता पाऊस पडतो, आजची कालच्यापेक्षा जराशी धारदार. ते मात्र दोघांनाही नको होतं. कालची तलवार केळ्याच्या सालीसारखी फेकायची, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी इमोजेनचं चाललं. काही घाव झाले की आमचा धूर व्हायचा आणि आम्ही नाहीसे. मला त्या धुराची फार भीती वाटायची.

पण माझ्यावर संकट आलं ते वेगळंच. खेळ तयार होत असताना बाहेरच्या माणसांना बोलावून खेळायला बसवतात. कोणी कुठे कशाने घाव घातला, त्याचे ठिपके नकाशावर उमटतात. कोयत्याचे ठिपके तर गोवर उठल्यासारखे होते. माझा एकही नव्हता.

"भाला कोणाला आवडतच नाही," इमोजेन म्हणाली. "खेळ आधीच जड झालाय. शुक्रवारी काढून टाकू त्याला."

मी तर पार हादरलो. धूर झाला असता तर निदान लढून तरी झाला असता. काढून टाकल्यावर मी कधीकाळी होतो, हेही कोणाला कळलं नसतं.

शुक्रवारी सकाळी नोरीन आली. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली ही बाई खाली पाव घ्यायला आली होती, तिला या लोकांनी आग्रह करकरून वर आणलं. यांचा एक नियम आहे. पाहुणा खेळत असताना बनवणाऱ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्याने बेकरीतून सगळ्यांना शिंपल्यांचे गरम पॅटिस आणायचे.

नोरीनने मला गुहेतून उचललं, चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, "वा" म्हणाली आणि पिशवीत ठेवलं. पुढे खेकड्यांशी ती वल्ह्याने लढली, रानडुकरांशी कोयत्याने. दोन्ही मोडली. मग समुद्रातून सापासारखी लांबलचक, राक्षसी वाम मासळी वर आली. नोरीनच्या हातात एक कुजकी फळी उरली होती. तिने त्या फळीने वामीला बडवलं आणि मेली. पुन्हा उठली, पुन्हा बडवलं, पुन्हा मेली. मी पिशवीत तळमळत होतो. लिसिआतेने स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला.

खेळ संपल्यावर इमोजेनने नेहमीचा प्रश्न विचारला. "नोरीन, तुम्हाला कुठलं हत्यार आवडलं?"

"तो भाला. दुसरं काय?"

"पण तुम्ही तो एकदाही वापरला नाहीत."

"वापरेन कशी? मोडला असता ना."

"अहो, समोर वाम होती."

"आणि तिच्यापेक्षा मोठं काही आलं असतं तर?"

"तिच्यापेक्षा मोठं या खेळात काही नाहीच."

"हे मला कोण सांगणार होतं, पोरी? तुम्ही सगळे तर मूग गिळून बसला होतात."

इमोजेन नकाशाकडे बघतच राहिली. मी सगळ्यांना इतका आवडलो होतो की कोणी मला बाहेरच काढलं नव्हतं. ते ऐकून मला रडावं की हसावं कळेना.

नोरीन कोट चढवता चढवता म्हणाली, "आणि तो धूर कसला? चांगली वस्तू मोडली तर तुकडे तरी हातात द्या. कपाचा कान तुटला म्हणून मी कप फेकते होय?"

"तुकडे," इमोजेन पुटपुटली.

"काथ्या," लिसिआते म्हणाला. "आमच्याकडे अख्खं घर काथ्याच्या दोरीने बांधून उभं करायचे. सैल झालं की पुन्हा आवळायचं."

"म्हणजे मोडेलही आणि राहीलही. शिवाय काथ्यासाठी बेटं हिंडावी लागतील." इमोजेन हसली. "तुझंही खरं झालं, माझंही."

"माझं जरा जास्त."

मला काढून टाकायचं कोणी पुन्हा बोललं नाही.

हा बदल करून त्यांनी नोरीनला पुन्हा खेळायला बोलावलं, आणि या खेपेला वाम आली तेव्हा तिने मला उपसलं. काय सांगू, वारा अंगाला लागला पहिल्यांदा. माझा घाव वामीच्या गालफडात बसला, आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला मी कडकन मोडलो. आता धूर, असं म्हणून मी मन घट्ट केलं. धूर झाला नाही. मी वाळूत दोन तुकडे होऊन पडलो होतो, पण होतो. नोरीनने दोन्ही तुकडे उचलले, वामीकडे पाठ फिरवली आणि झाडीत पळाली. "थांब गं बये, आलेच," असं वर तिला सांगून. जाळाजवळ बसून तिने काथ्याचे वेढे घातले, करकचून आवळले. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

आता खेळ बाजारात आलाय. घरोघरी माझ्या अंगावर वेढेच वेढे दिसतात. कोणाचे नीटस, कोणाचे गबाळे. कोणाच्या घरी तर लाकडापेक्षा काथ्याच जास्त. लिसिआतेने काढलेल्या रेषा झाकून गेल्या, पण त्याची तक्रार नाही.

माझं मागणं एवढंच आहे. मोठी लढाई येईल तेव्हा काढू, म्हणून मला पिशवीत ठेवू नका. साध्या खेकड्यावर काढा. मोडलो तर बांधाल, हे मला आता ठाऊक आहे.