पाय लागला म्हणून

चोयजिलसाठी काम शोधणं हे उयांगाचं तिसरं काम होऊन बसलं होतं. पहिलं वृद्धाश्रमातलं, दुसरं शनिवार-रविवारी बेकरीच्या गल्ल्यावरचं आणि तिसरं हे. पहिल्या दोन कामांना निदान सुट्टी तरी होती.

तिचा नवरा चोयजिल मंगोलियातून डेन्व्हरला तिच्या मागोमाग आला, त्याला वर्ष होत आलं होतं. तिकडे तो आर्हांगाईच्या डोंगरांत एका वसतिशाळेत शिक्षक होता. मेंढपाळांची मुलं शरदात आई-बापांना सोडून शाळेत यायची आणि पहिले काही दिवस नुसती रडायची. चोयजिल त्यांना रडू द्यायचा. "रडणं पुरं झाल्याशिवाय मूल ऐकत नाही," म्हणायचा. त्या तालुक्यात मिशा पिकलेली माणसंसुद्धा त्याला पाहून घोड्यावरून उतरायची आणि "बग्श" म्हणून हाक मारायची. बग्श म्हणजे गुरुजी.

डेन्व्हरमध्ये त्याला बग्श म्हणणारा एकच होता, दामदिन, आणि तोही चेष्टेने. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला दामदिन आख म्हणायचे, म्हणजे दामदिनदादा. घरं बदलणाऱ्या लोकांचं सामान हलवण्याचा त्याचा धंदा होता. शहरात नवा आलेला प्रत्येक मंगोल पुरुष आधी दामदिनच्या ट्रकात चढायचा. थोडे उतरायचे, बाकीचे तिथेच म्हातारे व्हायचे.

"इंग्रजी कशाला हवं रे?" दामदिन म्हणायचा. "कपाट काय इंग्रजीत बोलतं? पाठ मजबूत आहे ना? मग झालं. काय बग्श?"

ट्रकात सगळे मंगोल. बोलणं मंगोल, दुपारचा मांसाचा तळलेला हुशूर मंगोल, शिव्याही मंगोल. वर्षभरात चोयजिल इंग्रजी शिकला ते 'वर', 'खाली' आणि 'सांभाळून' एवढंच. ट्रकात राहून भाषा येत नव्हती, आणि भाषा येत नव्हती म्हणून ट्रक सुटत नव्हता. हे त्या दोघांनाही कळत होतं. कळून उपयोग काय?

बाहेर कुठेही गेलं की उयांगाच त्याच्या वतीने बोलायची. बँकेत तीच, दुकानात तीच. डॉक्टर त्याचा गुडघा दाबायचा आणि दुखतं का ते तिला विचारायचा. एकदा दवाखान्यातून परतताना चोयजिल म्हणाला, "तुला मूल नाही म्हणून देवाने मला पाठवलंय. फक्त जरा मोठं पाठवलं."

ती हसली. तो हसला नाही. त्यानंतर तो घरातही कमी बोलू लागला. पूर्वी ती चहात मीठ जास्त घाली तेव्हा तो अर्धा तास व्याख्यान द्यायचा. आता खारट चहा मुकाट्याने पिऊन कप धुऊन ठेवायचा. या गप्प बसण्याचीच उयांगाला भीती वाटायला लागली. ट्रकातलं सामान रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरत होतं, तिचा माणूस मात्र उतरत नव्हता.

हॉटेलं झाली, गोदामं झाली, दोन-तीन मोठी दुकानं झाली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, इंग्रजी येतं का? मग एक दिवस घराजवळच्या प्राथमिक शाळेत सफाईचं काम निघाल्याचं कळलं. व्हरांडे पुसायचे, जेवणघरातली टेबलं पुसायची, सांडलेलं दूध टिपायचं. शाळा हा शब्द ऐकताच चोयजिलने कप खाली ठेवला.

उयांगाने त्याला मुलाखतीसाठी बसवलं.

"म्हण, माझं नाव चोयजिल. मी वेळेवर येतो."

"तू शिकवतेयस की दम देतेयस?"

"म्हण ना!"

"माझ्या शाळेत तुझ्यासारखी बाई असती तर मुलं रातोरात घोड्यावर बसून पळाली असती. अगं, आधी ऐकू द्यावं मुलाला. नुसतं ऐकू द्यावं. मग ते आपणहून तोंड उघडतं."

"मुलाखत परवा आहे. तोंड आज उघड."

त्याने उघडलं. चुकतमाकत, घाम पुसत, पण बोलला. मुख्याध्यापिका हॅन्लीबाई दयाळू होत्या. त्यांनी त्याला नाताळच्या सुट्टीपर्यंत चाचणीवर ठेवून घेतलं. दामदिनने फोनवर अभिनंदन केलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "जा, जा. मुलांचं नाक पुस. माझ्या ट्रकाचं दार उघडंच आहे."

ते दोन महिने उयांगाला नंतर फार आठवायचे. चोयजिल रोज नवे शब्द घेऊन घरी यायचा, आणि ते सगळे मुलांकडून मिळालेले. सहा वर्षांचं मूल मोठ्यांसारखं सावकाश बोलत नाही, मोठ्याने ओरडून समजावत नाही, कीव तर मुळीच करत नाही. चुकलं की सरळ म्हणतं, "चूक!" आणि पुन्हा म्हणून दाखवतं. एका पोराने त्याला डायनासोरांची नावं शिकवली. ती नावं उयांगालाही येत नव्हती. कोणतं मूल डब्यातलं सफरचंद टाकून देतं, कोणतं दुसऱ्याच्या डब्याकडे बघत बसतं, सगळं चोयजिलला ठाऊक झालं. रात्री जेवताना तो तिला इंग्रजीत म्हणायचा, "दूध सांडलं. कुणी सांडलं? मी नाही!" आणि एकटाच खदखदून हसायचा.

एकदा दुकानात पीठ सापडेना. उयांगा विचारायला वळली तर हा आधीच तिथल्या मुलीपाशी जाऊन विचारत होता. मुलीने बोट दाखवलं. हा पीठ घेऊन आला आणि पिशवी उयांगाच्या हातात देत म्हणाला, "चल. काय बघतेस?"

मग तो फोन आला.

उयांगा वृद्धाश्रमात एका आजोबांना सूप भरवत होती. हॅन्लीबाईंचा आवाज जपून जपून येत होता. "तुमच्या नवऱ्याने आज जेवणघरात एका मुलीचा हात धरला. ती ओढत होती तरी सोडला नाही. मुलगी घाबरली, रडली. तिच्या आईला बोलवावं लागलं. मिस्टर चोयजिल काहीतरी सांगताहेत, पण आम्हाला कळत नाहीये. तुम्ही येऊ शकाल का?"

सुपाचा चमचा आजोबांच्या हनुवटीला लागला. आपला माणूस आपल्याला माहीत असतो, तरी असं वाक्य कानावर पडलं की मन क्षणभर नको तिथे जाऊन येतं. त्या क्षणाची लाज घेऊन ती गाडी हाकत राहिली.

चोयजिल कार्यालयाबाहेर मुलांच्या बुटक्या बाकावर बसला होता. गुडघे छातीशी आले होते. पुसण्याची बादली त्याच्याशेजारी तशीच होती.

"काय केलंस?" ती मंगोलमध्ये दबक्या आवाजात ओरडली. "मुलीचा हात का धरलास?"

"का म्हणजे? मी बादली ओढत मागे सरकलो, ती मागे उभी होती. माझा पाय तिच्या पायावर पडला."

उयांगा भिंतीला टेकली. छातीवरचा धोंडा उतरला, आणि लगेच दुसरा येऊन बसला.

"मग हात पुढे केला," तो सांगत होता. "तिने दिला नाही. म्हटलं, रागावलीय. म्हणून मीच घेतला. तर ओढायला लागली. असं अर्धवट कसं सोडणार? मी हसलोसुद्धा, भिऊ नकोस म्हणून."

"चोयजिल, इथल्या मुलांना हे माहीत नाही."

"पाय लागला हे तर माहीत आहे ना तिला?"

आत हॅन्लीबाईंनी दोघांना बसायला सांगितलं. उयांगाने समजावलं. आमच्याकडे कुणाच्या पायावर पाय पडला तर लगेच त्याचा हात हातात घेतात. नाही घेतला तर दोघांत वैर राहतं असं मानतात. म्हातारे करतात, लहान मुलं करतात, बाजारात अनोळखी माणसंसुद्धा करतात. ती फक्त माफी असते, दुसरं काही नसतं.

हॅन्लीबाईंचा चेहरा निवळला. "किती सुंदर पद्धत आहे!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. "पण इथे कर्मचाऱ्यांनी मुलांना हात लावायचा नाही असा नियम आहे. त्यात मूल नको म्हणत असताना... तिच्या आईची समजूत मला घालायची आहे."

"काय म्हणतेय?" चोयजिलने विचारलं.

"पद्धत सुंदर आहे म्हणतेय."

"मग तिला सांग, त्या मुलीला जरा बोलव. तिने अजून हात दिलेला नाही. अशीच घरी गेली तर उद्या मला बघून पळेल. मुलाच्या मनात असली गाठ राहू देऊ नये."

हॅन्लीबाई उत्सुकतेने बघत होत्या. "काय म्हणाले?"

मुलीला पुन्हा बोलवा हे वाक्य या खोलीत, या बाईंसमोर इंग्रजीत कसं दिसेल, ते उयांगाला दिसलं.

"फार वाईट वाटतंय म्हणाले," ती म्हणाली.

चोयजिलने तिच्याकडे पाहिलं. बोललो एवढं आणि पोचलं एवढंसं, हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं.

"मला एकच हवंय," हॅन्लीबाई म्हणाल्या. "असं पुन्हा होणार नाही, एवढं त्यांनी म्हणावं. मग मी आईशी बोलू शकेन."

उयांगाने सांगितलं.

"असं कसं म्हणू?" चोयजिल म्हणाला. "पाय लागल्यावर हात काय मला विचारून जातो? पुन्हा लागला तर पुन्हा जाईल. मी जपून चालेन म्हणून सांग. पाय लागूच देणार नाही म्हणून सांग. पण ते वचन मी कसं देऊ? शाळेत बसून खोटं बोलू?"

"अरे, हो म्हण. नुसतं हो म्हण."

"तू माझं सांग. मी म्हणालो तसं."

उयांगाने श्वास घेतला. नाताळपर्यंतची चाचणी, गोदामांतले नकार, खारट चहा मुकाट्याने पिणारा माणूस, सगळं एकदम तिला आठवलं.

"ते म्हणतात, पुन्हा होणार नाही."

पुन्हा नाही. व्हरांड्यात धावणाऱ्या मुलांना तिथल्या शिक्षिका दिवसभर हेच सांगायच्या. चोयजिलला ते इंग्रजी शब्द चांगलेच येत होते. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. तिने नजर उचलली नाही.

हॅन्लीबाईंना बहुधा काहीतरी जाणवलं असावं. त्या थेट त्याच्याकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मिस्टर चोयजिल. तुम्ही वचन देता?"

तो 'नाही' म्हणाला असता तर त्याचं खरं राहिलं असतं आणि बायको खोटी पडली असती. "हो," तो इंग्रजीत म्हणाला.

"छान!" हॅन्लीबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "मी आईला सांगते. आणि एक मार्गही निघालाय. सोमवारपासून ते दुपारच्या पाळीला येतील. मुलांची शेवटची बस गेल्यावर. मुलं नसली की कुणालाच काळजी नाही. पगारही थोडा वाढेल."

त्या इतक्या मनापासून हसत होत्या की उयांगालाही हसावं लागलं.

"काय म्हणाली?"

"काम राहिलं तुझं."

"आणि?"

"पगार वाढेल."

"उयांगा. आणि?"

"वेळ बदलली. शेवटची बस गेल्यावर यायचं."

खिडकीबाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता. चोयजिलने तो थोडा वेळ ऐकला.

"मग मी बोलायचं कुणाशी? फरशीशी?"

त्याने हसऱ्या हॅन्लीबाईंकडे पाहिलं.

"तिला वाटतंय, चांगलं केलं?"

"हो. खरंच वाटतंय."

"मग तिला आभारी आहे म्हणून सांग."

"तुला नको असेल तर—"

"नको असेल तर काय करशील? दुसरं कुठून आणशील? सांग तिला. आणि या वेळी मी म्हणालो तेवढंच सांग."

"ते आभारी आहेत," उयांगा म्हणाली. त्या दिवशी तिने जसंच्या तसं पोचवलेलं त्याचं हे एकच वाक्य.

सोमवारी उयांगाने कामावर पाळी बदलून घेतली आणि त्याला शाळेपर्यंत आणलं. पश्चिमेकडच्या डोंगरांवरून कोरडा वारा सुटला होता. ती नेहमीसारखी फाटकापाशी थांबायला लागली, तेव्हा त्याने मान हलवली.

"इथे नको. पलीकडच्या गल्लीत घे."

"का? इथून जवळ आहे."

"मुलं सुटतील आता. त्यांनी मला पाहून हात केला तर मला करावा लागेल."

"नुसता हात केला तर कुणी काही म्हणणार नाही, चोयजिल."

"तू विचारलंस का त्यांना?"

तिने विचारलं नव्हतं. तिने गाडी पलीकडच्या गल्लीत, एका झाडाआड लावली. तिथून फाटक अर्धंच दिसत होतं. घंटा झाली. रंगीत टोप्या, पाठीवरची दप्तरं, सुटलेल्या नाड्या, एकमेकांना ढकलत सगळं बाहेर सांडलं. चोयजिल खालमानेने बसून होता, पण कान तिकडेच होते. डायनासोरवाल्या पोराचा आवाज उयांगालाही ओळखू आला. कुणालातरी तो मोठ्याने "चूक! चूक!" म्हणत होता.

एक बस गेली. मग दुसरी. गलका कमी होत गेला, तसा चोयजिलने दाराला हात घातला.

"जाऊ का?" त्याने विचारलं. बाकावरून उठून परवानगी मागणाऱ्या मुलासारखं विचारलं.

उयांगाने फाटकाकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून एक बस राहिलीय."