एकेचाळीस गाणी आणि एक फॉरमॅट

वेदवतीअक्कांचा कॉम्प्युटर दुरुस्त करून मला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर लपवल्यासारखं दिसेल. दर खेपेला फिल्टर कॉफी आणि कोडबळी, म्हणजे इकडची तिखट कडबोळी. त्यांच्या नातीच्या लग्नात वाटायच्या पुस्तकात ‘संगणक साहाय्य’ म्हणून माझं नाव. आणि म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या जुन्या मराठी घरांत, जिथे आम्हा महाराष्ट्रातून आलेल्यांना अजून ‘ते कंपनीवाले’ म्हणतात, तिथे ‘आपले त्र्यंबकराव’ अशी बढती. माझ्याकडून जाणार होते दोन रविवार, फार तर तीन. इतका फायद्याचा व्यवहार दिसला की शहाण्याला शंका येते. मला हुरूप आला.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून दाखवायचा पगार घेतोय. त्यामुळे चुका दुसऱ्यांच्याच असतात, अशी माझी हळूहळू खात्री झाली आहे.

अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या पाच पिढ्या म्हैसुरात गेल्या, आणि त्यांनी स्वतः पस्तीस वर्षं कन्नड शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलं. घरात मराठी, तीही अशी की निम्मं वाक्य कन्नडात उतरून परत येतं. त्यांच्या घराण्यात बायका लग्नात जी गाणी म्हणायच्या, हळदीची, पाळण्याची, विहिणीला चिडवायची, ती त्यांनी दोन वर्षं खपून टाइप केली होती. एकेचाळीस गाणी. नात शरण्या बंगळूरला नोकरी करते, तिचं लग्न वैशाखात. मंडी मोहल्ल्यातल्या छापखान्याला गाणी युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी हवी होती.

पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं ते प्रिंटर जोडायला. दहा मिनिटांचं काम. घरी येऊन सांगितलं तर माझी बायको मृदुला म्हणाली, “आपला प्रिंटर दसऱ्यापासून बंद आहे.”

“तो हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे.”

“आणि त्यांच्याकडे कोडबळी आहे, तो सॉफ्टवेअरचा.”

तर प्रिंटर जोडताना माझ्या लक्षात आलं, की एवढ्या अस्सल मराठी घरातल्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचा प्रोग्रामच नाही! माझा अभिमान जागा झाला. अक्का स्वयंपाकघरात कॉफी गाळत होत्या, तेवढ्यात मी माझ्या पेनड्राइव्हमधून तो प्रोग्राम घालून दिला. मग कॉफी आली, आणि सांगायचं राहिलं.

आठवड्याने त्यांचा फोन. “त्र्यंबकराव, अय्यो, हे लिहिता लिहिता अडकतंय री. अक्षरं आपली आपणच बदलतात, मग सगळंच गप्प बसतं. तुम्ही येऊन गेल्यापासून.”

‘तुम्ही येऊन गेल्यापासून’ हे वाक्य जगातला प्रत्येक वापरणारा म्हणतो. ते ऐकू येऊ न देणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

पुढचे तीन रविवार मी त्या कॉम्प्युटरवर सगळे उपचार केले. व्हायरस शोधला. अपडेट घातले. पंख्यातली धूळ ब्रशने काढली. कशाशी काही संबंध नसताना एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. प्रत्येक वेळी खुर्चीत बसून ‘hello testing’ असं इंग्रजीत वीसदा टाइप केलं आणि विजयी मुद्रेने मागे वळलो.

“बघा अक्का, चालतंय.”

“तुमच्यासमोर चालतंय की. तुम्ही फाटक लावलं की मला दात दाखवतंय.”

चौथ्या रविवारी माझ्याकडचे उपाय संपले. अशा वेळी आमच्याकडे एक शेवटचा मार्ग असतो: सगळं पुसून पहिल्यापासून टाकायचं. म्हणजे खरं तर शरणागती. पण ती डॉक्टरच्या सुरात सांगितली की शहाणपण वाटते.

“अक्का, मूळ खोल गेलंय. फॉरमॅट करावं लागेल. सगळं पुसून नव्याने.”

“सगळं? झुरळ दिसलं म्हणून घर पाडायचं?”

“झुरळं भिंतीत आहेत, अक्का.”

“आणि माझी गाणी?”

“ती आधी काढून ठेवणार. माझ्यावर सोडा.”

त्यांनी शरण्याला फोन लावून तो माझ्या हातात दिला. ती म्हणाली, “अंकल, पूर्ण डिस्कचीच कॉपी घ्या ना आधी. सेफ असतं.”

पोरीचं बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. सतरा वर्षांच्या अनुभवाला ही शिकवणार? मी म्हणालो, “बाळ, नव्या घरात जुनी जळमटं न्यायची नसतात. हवं तेवढंच घ्यायचं.”

मग मी हवं ते निवडायला बसलो. फोटो घेतले. ‘पारंपरिक आरत्या व पाळणे’ अशी ऐंशी पानांची देवनागरी फाइल सापडली. हेच अक्कांचं पुस्तक, असं म्हणून ती घेतली. बाकी दोन फोल्डर भरून कन्नड. मी म्हैसुरात सतरा वर्षं राहतो, आणि बसची पाटी अजून नंबरवरून ओळखतो. एक फाइल उघडली. गोल गोल अक्षरं, ओळीखाली ओळ. वाटलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका.

स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “अक्का, मराठी सगळं घेतलंय. शाळेचे जुने कन्नड कागद नकोत ना?”

“शाळेचे? बेडा बेडा, नकोत, जाऊ द्या ते!”

अक्कांनी परवानगी दिली, असं मी पुढे बरेच दिवस मृदुलाला सांगत होतो.

दोन तासांनी कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा झाला. सगळ्यात आधी मी माझा मराठी प्रोग्राम परत घातला. मग उठलो आणि म्हणालो, “बसा अक्का.”

त्या बसल्या. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांना त्या खुर्चीत पाहत होतो. आतापर्यंत खुर्चीत मीच असायचो, त्या कॉफीचा पेला घेऊन मागे उभ्या.

“माझी गाणी कुठं?”

मी ऐंशी पानांची फाइल उघडली.

“हे? हे कुणीतरी पाठवलेलं री, मी वाचलंसुद्धा नाही. माझी गाणी?”

“मराठीतलं एवढंच होतं, अक्का.”

“मराठीच की. पण कन्नड अक्षरांत लिहिते मी. शरण्याला दुसरी कुठली येतात? मलाही बालबोध वाचायचं म्हणजे एक पान, एक दुपार.” बालबोध म्हणजे त्यांच्याकडे देवनागरी. एवढं बोलून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पहिलीच्या पोरांची तोंडं वाचण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. मला काही सांगावं लागलं नाही.

मी आधी त्यांचा कन्नड टायपिंगचा प्रोग्राम घालून दिला. त्यांनी सवयीने एक ओळ टाइप करायला घेतली. तीन शब्द झाले, चौथ्याला अक्षरं आपली आपण बदलली, आणि पडदा गप्प बसला.

त्यांचा प्रोग्राम आणि माझा प्रोग्राम, दोघांना जागं करायची कळ एकच होती. ती दाबली की दोघेही उठायचे आणि एकमेकांना वाट देईनात. रोग मी खिशातून आणला होता, आणि रोगी मारून झाल्यावर तोच परत टोचलाही होता. माझा प्रोग्राम काढून टाकायला चाळीस सेकंद लागले. त्यानंतर तो कॉम्प्युटर आजतागायत अडकलेला नाही.

पुसलेलं परत मिळवायची साधनं असतात. ती मी आठवडाभर चालवली. कॉम्प्युटर जुनाच घेतलेला. त्यातून कुणा अनोळखी माणसांच्या मुंजीचे तीनशे फोटो वर आले. शाळेच्या प्रश्नपत्रिका खरोखरच होत्या, त्या सगळ्या आल्या. गाण्यांच्या जागी नुसते चौकोन.

मी अक्कांपुढे जाऊन उभा राहिलो. ओरडतील तर बरं, असं वाटत होतं; मग हिशोब तरी मिटला असता. त्या म्हणाल्या, “चोवीस गाणी छापून तपासायला ठेवलीत. सतरा नाहीत. ती डोक्यात असतील नसतील, बघू. उद्यापासून चारला या. मी सांगते, तुम्ही लिहा. माझी बोटं आता एवढं पुन्हा करणार नाहीत.”

“अक्का, मला कन्नड अक्षरं येत नाहीत.”

“हौदा? असं का? बरं झालं. पहिलीचा वर्ग रिकामाच आहे.”

मी रोज सकाळी सातला ऑफिसात जाऊन चारला अक्कांकडे पोचायला लागलो. नऊ दिवस पाटीवर गिरवलं. तिसऱ्या दिवशी मृदुला मुद्दाम बघायला आली आणि कोडबळी खात म्हणाली, “अक्का, ह्याला अंगठे धरून उभं करायची सोय आहे का?”

“ते दुसरीत.”

दहाव्या दिवसापासून टायपिंग. आधी छापलेली चोवीस, मग आठवणीतली. अक्का गायच्या, थांबायच्या, मी एका बोटाने अक्षर शोधायचो. चिडवायच्या गाण्यात समोरच्याचं नाव घालायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि समोर मी होतो.

“विहीणबाई आल्या, ओसरीला बसल्या, कॉफी पातळ म्हणून तीनदा रुसल्या,” एवढं मी टाइप केल्यावर त्याच चालीत पुढे आलं, “त्र्यंबकराव आले, वैद्य म्हणवले, नाडी बघता बघता रोग्यालाच नेले.”

“हेही लिहू?”

“लिहा की. अक्षर चुकलं तर पुन्हा गाईन.”

अशी चौदा गाणी परत आली. काही चटकन, काही दोन दोन दिवस घोळून. तीन आली नाहीत. ती त्यांच्या नणंदेची, कृष्णराजनगरच्या अंबुजावन्संची होती. तिकडच्या नदीकाठची, या घराण्यात दुसऱ्या कुणाला न येणारी. वन्संनी ती अंथरुणावरून फोनवर म्हटली होती, आणि अक्कांनी ऐकता ऐकता थेट कॉम्प्युटरवर उतरवली होती. कागद नाही. पाठ करायची गरज नाही. लिहून ठेवलंय ना! वन्सं गेल्या पौषात गेल्या.

शेवटच्या दिवशी अक्कांनी डोळे मिटले. त्यांनी एक चाल गुणगुणली, पुन्हा गुणगुणली. मी बोट कीबोर्डवर ठेवून वाट पाहत होतो. “चाल आहे,” त्या म्हणाल्या, “शब्द येईनात.” मग म्हणाल्या, “पुरे. छापखान्याला पाठवा.”

पुस्तक वेळेवर छापलं. अडतीस गाणी. लग्नात शरण्याच्या मैत्रिणींनी त्यातलीच वाचून वाचून विहिणीला चिडवलं, विहीण खरोखरच रुसली, सगळे म्हणाले, काय सुंदर कल्पना! अडतिसावर पुस्तक संपतं, तिथे काही कमी आहे असं कुणालाही वाटलं नाही.

आता कुणी काय भरलं ते. मी एकतीस संध्याकाळी भरल्या, आणि त्यांच्या बदल्यात मला एक लिपी मिळाली. बसच्या पाट्या वाचतो. मृदुलाचं काही गेलं नाही, तिला जन्मभर पुरेल एवढं मिळालं. शरण्याची तीन गाणी गेली, पण ती कधी तिच्या कानावरच पडली नव्हती. अंबुजावन्संचं जे काही त्यांच्यामागे उरलं होतं, ते सगळं गेलं. आणि वेदवतीअक्कांनी ते सगळं पाहिलं, वर एकतीस संध्याकाळी मला कॉफीही पाजली.