बाबांची काच

भट्टीवाल्याची काच नापास होणार, अशी कुजबुज कारखान्यात सकाळपासून चालली होती. ती ऐकून तपासणीच्या खोलीतल्या पोरीचं डोकं भणभणलं होतं, कारण भट्टीवाला म्हणजे तिचा सख्खा बाप. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेली मिश्रणं वितळवून, पहिल्यांदाच त्यानं स्वतःच्या डोक्यानं काच ओतली होती. साहेबांनी बजावलं होतं, दुपारपर्यंत पक्का आकडा द्या, नाहीतर सगळा माल फोडून परत भट्टीत.

आणि आकडा काही केल्या जागेवर राहीना! काचेतून शंभरातला किती उजेड आरपार जातो ते यंत्र सांगायचं. तोच तुकडा, एकदा एक्क्याण्णव, लगेच सत्त्याऐंशी. तिनं यंत्रातला दिवा बदलला, तो तापू दिला. काच न ठेवता यंत्र शंभरावर ठाम. म्हणजे यंत्र शहाणं. मग तुकडा जरासा फिरवला, तर आकडा पुन्हा हलला. काचच खराब निघाली तर बाबांना तोंड कसं दाखवायचं?

तिनं मागे वळून पाहिलं. बाबा टेबलाशी उभे राहून, मोजून झालेल्या एकेका तुकड्यावर हा-हा करून वाफ सोडत होते आणि एप्रनच्या कोपऱ्यानं निगुतीनं पुसून परत ठेवत होते.

“बाबा! हे काय चाललंय?”

“पुसतोय. भट्टीवरनं न पुसता काच कधी कुणाच्या हातात देतो का आम्ही?”

“आणि एप्रनला काय लागलंय?”

“साच्याचं तेल. रोजचंच आहे.”

“अहो, लाड करून करून वाट लावलीत की तिची!”

बाबा फुगून कोपऱ्यात बसले. तिनं तुकडे साबणानं धुतले, स्पिरिटनं पुसले, चिमट्यानं कडेला धरून यंत्रात ठेवले. ब्याण्णव. फिरवला, ब्याण्णव. दुसरा, तिसरा, तेच. आनंदानं तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात साहेब आले. आकडे पाहून म्हणाले, “छान! म्हणजे सकाळी तुमच्या मोजण्यातच गडबड होती.”

बाबांना सांभाळून घ्यावं म्हणून ती “हो” म्हणणार, तोच बाबा ताडकन उठले.

“माझ्या पोरीच्या मोजण्याला नाव ठेवायचं नाही, साहेब. काच मी मळवली, या तेलकट एप्रननं. तिनं मला रंगेहाथ पकडलं!”

साहेबांना हसू आवरेना. माल पास झाला. बाबा छाती फुगवून भट्टीवर गेले आणि भेटेल त्याला थांबवून, पोरीनं आपली चूक कशी पकडली तेच सांगत सुटले. स्वतःच्या काचेचं नावसुद्धा काढलं नाही.