पापलेट निघालं दिल्लीला

पालघरजवळच्या दांडी गावच्या मंदा तामोरेने उभा जन्म मासळी विकली, गिऱ्हाइकापुढे कधी हार खाल्ली नाही. पण ॲपपुढे तिने हात टेकले. होडीची नोंद एका ॲपवर, बर्फाची गाडी दुसऱ्यावर, विक्री तिसऱ्यावर. एकात ती मंदा, दुसऱ्यात मंदाकिनी. मग तिसरं विचारी, ही बाई कोण? तोवर तिच्या बचत गटातल्या बायकांची मासळी नासायची.

पालघरला दिल्लीचे साहेब येणार होते. प्रत्येक खातं आपापलं ॲप दाखवणार होतं. मासळीच्या खात्यातली मेघाली म्हणाली, "मंदामावशी, तुम्हीही या. बोला चार शब्द."

मंदा गेली ती पापलेटची टोपली घेऊनच. टोपली तिने साहेबांपुढे टेबलावर ठेवली. त्यांच्या शेजारच्या अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला.

"साहेब, तुमची ॲपं इथंच हायत, ती चालवणारेबी हायत. एवढी मासळी दिल्लीला विकून दाखवा. मंग आमी काय बोलणार नाय."

साहेब हसले आणि स्वतःच फोन घेऊन बसले. थोड्या वेळाने त्यांचं हसू मावळलं.

"गाडी का मिळत नाही?"

"सर, ते आमच्याकडे येत नाही," एका खात्याचा माणूस म्हणाला.

"मग कुणाकडे येतं?"

खात्यांची माणसं एकमेकांकडे बोट दाखवू लागली. टोपलीतलं बर्फाचं पाणी टेबलावरून ओघळू लागलं. तेव्हा मेघाली उभी राहिली. तिचा आवाज कापत होता.

"सर, प्रत्येक जण आपलं काम चोख करतो. एकमेकांशी जोडून घेणं मात्र कुणाचंच काम नाही. ते आम्ही जिल्ह्यात बसून ठरवू शकत नाही. सगळ्या देशाचं मिळून एकच धोरण हवं."

मंदाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. पोर घाबरली, पण बोलली!

साहेबांनी रुमालवाल्याकडे पाहिलं. "सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवा. सुरुवात दांडीपासून."

दिवाळी सरली आणि ते जमलं. एकदाच नाव घातलं, की नोंद, गाडी, विक्री सगळं आपोआप. दांडीच्या किनाऱ्यावर पहिली थंड गाडी भरली, तेव्हा बायकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या दिवशी दिल्लीहून गिऱ्हाइकाचा फोन आला: माल ताजा, आणखी पाठवा.

त्याच आठवड्यात मेघाली धावत आली. "मावशी, देशाच्या धोरणाचा मसुदा होतोय. दांडीची पद्धत त्यात घेतलीय. आपल्या दोघींना दिल्लीला बोलावलंय!"

मंदाने पदर खोचला. "चल की! आमचं पापलेट तर कवाच पोचलंय."