माझ्या खोलीतली रेंज

माझा आवाज मोठा आहे. जन्मभर छापखान्यात मशीनवर उभा राहिलो, तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. निवृत्त झालो तेव्हा मशीन तिथेच राहिलं आणि आवाज तेवढा घरी आला. मी साधं 'पाणी दे' म्हटलं तरी शेजारच्यांना वाटतं, यांच्याकडे भांडण पेटलं. माझी बायको होती तोवर ती सगळ्यांना सांगायची, "अरे, ते रागावलेले नाहीत, त्यांचा घसाच तसा आहे." ती गेली आणि माझं बोलणं समजावून सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

वायफायचा जुना डबा माझ्या खोलीत होता. बाहेरून येणारी वायर माझ्याच खिडकीतून आत येते, म्हणून बसवणाऱ्याने तो माझ्या कपाटावर ठेवला, तो ठेवलाच. आमच्या घराच्या भिंती जाड आणि डबा म्हातारा. त्याची रेंज माझ्या दारापर्यंत यायची आणि तिथे मान टाकायची. त्यामुळे संध्याकाळ झाली की सगळं बिऱ्हाड माझ्या खोलीत. मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी. सून शाळेत शिकवते, ती पोरांचे मार्क भरत खुर्चीवर. नातू खिडकीखाली बसून मोबाइलवर लढाया मारायचा. आणि कॉलेजात जाणारी नात, जिला मी महामाया म्हणतो, ती सरळ माझ्या उशीला रेलून.

गोंगाट म्हणजे काय विचारू नका. "ए, तुझा पाय काढ." "बाबा, जरा सरका ना, चार्जर लावायचाय." "आई, हा माझं नेट खातोय!" मी मधूनमधून गर्जायचो. "अरे, ही खोली आहे की धर्मशाळा? चालते व्हा सगळे! म्हाताऱ्या माणसाला जरा डोळा लागू द्याल की नाही?" महामाया लगेच उलट यायची. "आजोबा, दुपारभर घोरत होतात, आता कसला डोळा?" मग आमची जुंपायची. ती मला हरवायची आणि मी हरलो असं कबूल करायचो नाही.

खरं सांगू? बायको गेल्यानंतर मी जगलो तो त्या संध्याकाळींवर. सकाळपासून मी घड्याळाकडे डोळे लावून बसायचो. पण तोंडातून निघायचं ते एकच, चालते व्हा.

एके दिवशी त्या डब्याने राम म्हटला. दिवे लागेनात, काही नाही. मुलगा म्हणाला, "बरं झालं. आता चांगला नवीनच घेऊ. घरभर रेंज येईल असा." सून म्हणाली, "हो बाई. बाबांना किती त्रास होतो आपला. रोज सांगतात बिचारे."

मी म्हणालो, "मी पण येतो दुकानात."

"तुम्ही कशाला, बाबा? उगाच दगदग."

"का, मला काय कळत नाही?"

दुकानात गेलो. फळीवर ओळीने डबे मांडलेले, कुणाला दोन शिंगं, कुणाला चार, एकाला तर सहा. दुकानदार बोलका होता. त्याने विचारलं, "काका, खोल्या किती? भिंती कशा आहेत?" मुलाने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "घर एवढंसं आहे हो. भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. तो कोपऱ्यातला साधा द्या." मुलगा हसायला लागला. "बाबा, काहीतरीच काय? आपल्या भिंतीत खिळा जात नाही." मग दुकानदाराने जोडीचा सेट काढला. मोठा डबा घराच्या मध्यभागी ठेवायचा, धाकटा बोळकांडीत, म्हणजे पहिला जिथे थकेल तिथून दुसरा पुढे नेईल. मी म्हणालो, "नसती थेरं. कसली ती किरणं, डोक्याला बाधतील." दुकानदाराने मला शांतपणे समजावलं की तसं काही होत नाही. मी आणखी दोन खुसपटं काढली, तीही त्याने निकालात काढली.

बाहेर आल्यावर मुलाने पिशवी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला. म्हणाला, "आता तुम्हाला कुणी त्रास देणार नाही, बाबा. निवांत पडा." इतक्या मायेने म्हणाला तो! तेव्हाच सांगायला हवं होतं, 'बाळा, मला निवांतपणा नको रे.' आणि मी म्हणालो काय? "सुटलो एकदाचा."

रविवारी बसवाबसवी झाली. माझ्या खिडकीतून येणारी वायर भिंतीच्या कडेने पुढे ओढत हॉलपर्यंत नेली. मोठा डबा हॉलमधल्या उंच फळीवर, धाकटा मुलांच्या खोलीबाहेर. टीव्हीमागे ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, अशा सूचना महामाया मोबाइलवरून वाचून दाखवत होती. तिनेच एक युक्ती केली. नव्या डब्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. त्यामुळे सगळ्यांचे फोन आपोआप जोडले गेले, कुणाला काही विचारावं लागलं नाही. मग चौघं चार दिशांना फोन घेऊन पांगली आणि आरोळ्या सुरू झाल्या. स्वयंपाकघरातून सून ओरडली, "फुल!" आतून नातू ओरडला, "फुल! एक नंबर!" गच्चीच्या जिन्यातून मुलगा, "इथेही फुल!" शेवटी महामाया माझ्या खोलीत डोकावली. "बाबा, आजोबांकडे दोनच काड्या येतायत."

"असू दे," मुलगा हॉलमधून म्हणाला. "बाबांना कुठे नेट लागतं?"

त्या संध्याकाळी मी पलंगाची चादर झटकून ठेवली होती. कुणी आलं नाही. सून येऊन माझ्या खोलीचं दार हलकेच ओढून गेली, आवाज होऊ नये म्हणून. काय चूक होती तिची? मीच वर्षानुवर्षं जे मागत होतो ते त्यांनी मला आणून दिलं होतं. मी छताकडे बघत पडून राहिलो. शांतता इतकी, की पलीकडच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार ऐकू येत होतं.

असे बरेच दिवस गेले. जेवायला सगळी एकत्र यायची, पण जेवण म्हणजे घाईचं काम. जेवण झालं की ज्याची त्याची खोली.

एकदा संध्याकाळी पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये कुणी नव्हतं. फळीखाली नव्या डब्याचं बटण होतं. माझा हात गेला आणि मी ते खट्कन बंद केलं. पाणी घेऊन खुर्चीत बसतोय न बसतोय तोच सगळ्यांची दारं उघडली. "नेट गेलं?" "माझी मीटिंग चालली होती!" "तू काय केलंस?" "मी कशाला करू? तूच काहीतरी डाउनलोड केलं असशील." महामाया आणि नातवाची जुंपली, सून मध्ये पडली, मीही दोन टोले हाणले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग मुलाला बटण दिसलं, त्याने ते लावलं, दिवा स्थिर झाला आणि पुन्हा सगळी दारं लागली.

चटकच लागली मला. दुसऱ्या दिवशी बंद केलं, एक दिवस सोडून पुन्हा. आणि मग एकदा बोट बटणावर असतानाच सून समोर उभी.

"बाबा, काय करताय?"

"पंखा बंद करतोय," मी म्हणालो. तोंडाला येईल ते बोललो झालं.

तिने वर पाहिलं. पंखा चालूच नव्हता, आणि त्याचं बटण तर दुसऱ्याच भिंतीवर. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि त्या तिरमिरीत कदाचित खरं बोलून गेलो असतो. पण तिचा चेहरा एकदम उतरला. ती हळूच म्हणाली, "हो का? बरं बरं. या, बसा तुम्ही." आणि माझा हात धरून मला खोलीत घेऊन आली, जशी काही मला वाट माहीत नव्हती.

थोड्या वेळाने मुलगा आला. दार लोटलं आणि पूर्वीसारखा माझ्या पायाशी बसला. हातात फोन नव्हता, लॅपटॉप नव्हता. त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

शुक्रवार होता. मला ठाऊक होतं. छापखान्यात कॅलेंडरांच्या तारखांवरच पोट होतं माझं, मला वार विचारतोस? पण त्याचा हात ऊबदार होता. शुक्रवार म्हटलं असतं तर तो 'बरं' म्हणून उठला असता. आणि 'मला तुमच्याशिवाय करमत नाही' हे म्हणायला जीभ रेटत नव्हती. सत्तरी उलटलेल्या पुरुषाने हे कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही.

"मंगळवार?" मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. तो बराच वेळ बसला.

पुढे मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रश्न विचारले, त्यातले निम्मे मी ठरवून चुकवले. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, पुढच्या तपासण्या करू, तोवर यांना एकटं सोडू नका. एकटं सोडू नका! मी मान खाली घालून हसू दाबलं. मला वाटलं, जिंकलो.

आता ती रोज माझ्या खोलीत येतात. पाळ्या लावल्यात त्यांनी. एका वेळी एक जण, आणि फोन बाहेर ठेवून. पण ती माझ्याशी भांडत नाहीत. मी मुद्दाम तिरकं बोलतो, तर सून म्हणते, "हो बाबा, बरोबर आहे तुमचं." नातू माझ्या गोळ्या मोजतो आणि 'शाब्बास' म्हणतो. सगळी हळू बोलतात, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तशी. मी ओरडलो तर घाबरून एकमेकांकडे बघतात. आता खरं सांगायला जावं तर तेही आजारातच जमा होईल. एकदा प्रयत्न केला. मुलाला म्हणालो, "अरे, मला काही झालेलं नाही, मी नाटक करत होतो." त्याने माझ्या कपाळावरून हात फिरवला. "माहीत आहे, बाबा. काही झालेलं नाही तुम्हाला." आणि वळून डोळे पुसले.

काल महामायेची पाळी होती. ती जुना फोटो घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, फोटो दाखवत जा. छापखान्याच्या दारात मी आणि माझी बायको, दोघं उन्हात डोळे बारीक करून उभे. महामायेने फोटोवर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "आजोबा, ही कोण? आठवतंय?"

वाराचं खोटं बोलता आलं. तारखेचं, पत्त्याचं, सगळ्याचं बोलता आलं. हे येईना. ती पोर ओठ चावत माझ्याकडे बघत राहिली.

"तुझी आजी," मी म्हणालो. "माझी बायको आहे ती."

"बाबा! आई!" ती किंचाळली. "आजोबांना आजी आठवली!"

बाकीची तिघंही धावत आली. सून रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. नातू पलंगावर चढला. मुलाने मला मिठी मारली आणि पाठीवर थोपटत म्हणाला, "छान, बाबा. खूप छान सांगितलंत."

सगळी माझ्या खोलीत होती. मी मान खाली घालून ते कौतुक घेत बसलो.